ताम्हाण्यांच्या बागेतले रविवार

रविवारी सकाळी मुलुंडच्या ताम्हाण्यांच्या फाटकाशी तिघं जण वाट बघत असायचे. एक म्हातारा आणि दोन कुत्री. म्हाताऱ्याचं नाव श्यामसुंदर ताम्हाणे. कुत्र्यांपैकी तपकिरी, एका कानाचा तुकडा पडलेला तो बंड्या, आणि काळी, आखूड पायांची ती चिंगी. घाटकोपरहून नातवंडं यायची असायची. चिंगीला त्यातलं काही कळत नसे. बंड्या उभा म्हणून तीही उभी. बंड्याला मात्र कळायचं. एरवी ऊन अंगावर येईपर्यंत तो पायरीवर लोळत पडे, पण रविवारी दूधवाला येऊन गेला की फाटकाच्या गजांत नाक खुपसून बसे. ह्याला रविवार कोण सांगतं, असं शेजारी विचारत. श्यामसुंदर म्हणत, "मीच सांगतो. मी दाढी लवकर करतो ना."

एवढं बोलले तरी पुष्कळ. माणूस मूळचाच अबोल. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात ते काचकाम करीत. प्रयोगांना लागणाऱ्या वाकड्यातिकड्या नळ्या, कुप्या, फुगे आगीच्या झोतावर काच फुंकून तयार करायचे. सगळा जन्म श्वास त्या कामाला लागला म्हणून की काय, बोलण्यावर तो फारसा खर्च करायचा नाही असंच त्यांनी ठरवलं असावं. उजव्या हाताची बोटं जागोजागी भाजून गुळगुळीत झालेली. साठ-बासष्ट सालच्या सुमाराला डोंगराच्या अंगाला त्यांनी जागा घेतली तेव्हा आजूबाजूला भाताची खाचरं होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं, आणि घराहून मोठी बाग केली. अलिबागच्या आजोळाहून आणलेलं आंब्याचं कलम, दोन पेरू, कुंपणाला जास्वंद, मोरीच्या पाण्यावर अळू, खिडकीशी अनंत. निवृत्त झाल्यावर सकाळ-संध्याकाळ ते त्या झाडांतच असत.

त्यांचा एकुलता एक मुलगा मार्तंड. औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम, त्यामुळे अर्धा महिना फिरती. त्याची बायको अनुपमा विम्याच्या कचेरीत नोकरीला होती. स्वभावानं सरळ, हाताला चपळ. लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात तिनं नाल्याच्या काठावरून एक भिजलेलं पिल्लू उचलून आणलं होतं. तोच हा बंड्या. पुढे मीरा झाली, मग कौस्तुभ. दोघंही बंड्याच्या पाठीला धरून उभं राहायला शिकली.

एक्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मार्तंडनं एकदा जेवता जेवता सांगितलं, की पुण्याला एका बाईबरोबर त्याचं घर आहे. 'आहे' असंच म्हणाला. जयंतीबाईंच्या, म्हणजे श्यामसुंदरांच्या बायकोच्या, हातातला भाताचा डाव तसाच राहिला. श्यामसुंदर हात धुवायला म्हणून उठले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले. अनुपमानं मुलांना वाढायचं होतं ते वाढलं, त्यांची तोंडं पुसली आणि त्यांना घेऊन आत गेली. मार्तंड दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला.

अनुपमानं काही आठवडे वाट पाहिली. मग एका सकाळी मुलांना आणि एका पेटीला घेऊन ती घाटकोपरला भावाकडे निघाली. पेटी श्यामसुंदरांनीच रिक्षापर्यंत नेली. 'थांब' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण कुणासाठी थांब म्हणायचं ते सुचेना. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी बंड्या मागे धावत राहिला. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, त्यात त्याचाही संसार. कुत्र्याला तिथे जागा नव्हती.

घरात मग दोघं म्हातारी माणसंच उरली. जयंतीबाईंचा राग कुठे जाऊन बसावा, तर सुनेवर. "बाईनं घर सोडलं की पुरुषाला मोकळं रान मिळतं," त्या म्हणत. "हिनं थोडी कळ काढली असती तर आला असता तो परत." श्यामसुंदर खुरपं घेऊन बागेत जात. मुलगा आपला, लाडावून ठेवला तो आपणच. तो परतीचा नाही हे त्यांना त्या रात्रीच्या 'आहे'मध्येच कळलं होतं, पण बायकोला ते सांगायची हिंमत होत नव्हती.

बंड्यानं अन्न टाकलं. फाटकाशी बसायचा, हाक मारली तर नुसती शेपटी हलवायचा. त्याचं ताट संपवायला म्हणून गल्लीतली चिंगी आत आली आणि राहिली. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा श्यामसुंदरांनी एका रविवारी त्याच्या गळ्यात पट्टा घातला, हातात छत्री घेतली आणि बायकोला म्हणाले, "ह्याला घाटकोपरला नेऊन आणतो."

"कसं नेणार?"

"बघतो."

रेल्वेत कुत्रं घेईनात. रिक्षावाल्यांनी मान हलवली. तेव्हा मुलुंडपासून आग्रा रोडनं ते चालत निघाले. थंडीचे दिवस होते, सकाळचं बरं वाटलं. पण दर वस्तीला तिथली कुत्री अंगावर येत. भांडुपच्या कुत्र्यांनी त्यांना कांजूरच्या हद्दीपर्यंत पोचवलं, कांजूरच्यांनी विक्रोळीपर्यंत. श्यामसुंदर छत्री फिरवत, बंड्याला आपल्या आणि भिंतीच्या मध्ये घेत चालले. रस्त्याकडेचे कारखाने रविवारमुळे बंद होते. एका पानवाल्यानं बंड्याला पाणी दिलं आणि विचारलं, "काका, हरवलेला सापडला का?" श्यामसुंदर म्हणाले, "नाही, सोडून गेलेल्यांकडे निघालोय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते पोचले. इमारतीच्या दारातच बंड्याला वास लागला, आणि त्यानं असा काही सूर काढला की सगळ्या मजल्यांवरून लोक वाकून बघायला लागले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कौस्तुभ ओरडला आणि दोन्ही मुलं जिन्यानं धडपडत खाली आली. कौस्तुभनं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं. मीरा आठ वर्षांची होती, तिला मोठ्या माणसांसारखं वागायचं होतं. ती आधी आजोबांच्या पाया पडली, मग तिला रडू आलं.

अनुपमा केस पुसता पुसता खाली आली. तिनं आधी बंड्याचे पाय पाहिले.

"आप्पा, ह्याला चालवत आणलंत?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही चालतच आलो."

तिनं वर जाऊन वाडग्यात पाणी आणलं, आजोबांना एक पेला. जिन्याच्या पायरीवर कुत्र्याला मध्ये घेऊन ती त्यांच्याशेजारी बसली. श्यामसुंदरांनी रस्ताभर मनात जुळवलेलं एका दमात सांगून टाकलं. "मी तुला परत चल म्हणायला आलेलो नाही. तो अधिकार मला नाही. पण पोरांना रविवारी पाठव. बागेत खेळतील. तुला आत यावं लागणार नाही."

अनुपमा बराच वेळ बंड्याच्या पंजातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मी आणीन आणि मीच नेईन. पण मुलं असताना तो तिथे नको. कौस्तुभ अजून रोज विचारतो, बाबा कधी येणार. हळूहळू कमी होतंय ते. तुम्ही परत उघडू नका."

"नाही येणार तो."

"ते तुमच्या हातात आहे का, आप्पा?"

श्यामसुंदर म्हणाले, "फाटक माझ्या हातात आहे."

परतताना एका भाजीच्या टेम्पोवाल्याला दया आली. रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून ते दोघं मुलुंडला आले. त्या रात्री बंड्या जेवला.

असे ते रविवार सुरू झाले. अनुपमा मुलांना घेऊन यायची, फाटकाबाहेर उभी राहायची. गजांतून हात घालून बंड्याचं डोकं खाजवायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायची आणि निघून जायची. संध्याकाळी शेजारी टीव्हीवर सिनेमा लागायच्या आत पुन्हा यायची. फाटकाच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही आणि श्यामसुंदरांनी 'ये' म्हटलं नाही. जयंतीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत, पण ती असेपर्यंत बाहेर येत नसत. ती गेली की मात्र नातवंडांना छातीशी धरत.

दिवस बागेत जाई. ताम्हाण्यांकडे रविवारी वालाचं बिरडं ठरलेलं. मोड आलेले वाल सोलायला आजी परात घेऊन आंब्याखाली बसे आणि मीरा तिच्यासमोर. कौस्तुभ वाल सोलण्यापेक्षा चिंगीला भरवायचाच जास्त. मग कुत्र्यांची आंघोळ. पेरूखाली रबरी नळी लावून आजोबा बंड्याला धरत, कौस्तुभ साबण लावी. चिंगी पाण्याचा आवाज ऐकला की अळवात लपे आणि तिला शोधायला सगळी बाग पालथी घालावी लागे. शेवटी चौघंही सारखीच भिजलेली असत. दुपारी गोणपाट अंथरून कौस्तुभ बंड्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा, आणि तो उठेपर्यंत कुत्रं जागचं हलत नसे. श्यामसुंदर खुरपं हातात घेऊन जवळच बसत. तण काढायचं निमित्त. त्यांची नजर त्या दोघांच्या वर-खाली होणाऱ्या पोटांवर असे. आपल्या मुलाला त्यांनी असं झोपलेलं कधी बसून पाहिलं नव्हतं. तेव्हा कामाच्या पाळ्या होत्या.

एकदा मीरानं वाल सोलता सोलता विचारलं, "आजोबा, बाबा इथे येतात का?"

जयंतीबाईंचे हात थांबले. श्यामसुंदर म्हणाले, "येतो. मधल्या वारी येतो कधी कधी."

"आमचं विचारतात?"

"विचारतो."

मीरानं मान हलवली आणि पुढचा वाल उचलला. खोटं सांगता आलं असतं, पण त्या पोरीला कुणीतरी खरं सांगणं त्यांना जरुरीचं वाटलं.

दोन वर्षं अशी गेली. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दुपारची जेवणं उरकली असताना, फाटकाशी टॅक्सी थांबली. मार्तंड उतरला. हातात कपड्यांची पिशवी होती. टॅक्सीत मागे एक बाई बसलेली होती, ती उतरली नाही. मुलं रविवारी येतात हे त्याला कुणी सांगितलं, ते श्यामसुंदरांनी कधी विचारलं नाही. घरात त्यांच्याशिवाय सांगणारं एकच माणूस होतं.

ते खुरपं टाकून फाटकाशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले.

"आप्पा, उघडा ना."

"मुलं आहेत आज."

"माहीत आहे. म्हणून तर आलो."

"उद्या ये. उद्या घर तुझंच आहे. आज मी तुला आत घेऊ शकत नाही."

"माझी मुलं आहेत ती."

"आहेत."

"मग?"

"त्यांच्या आईला शब्द दिलाय मी. तू तिला जाऊन विचार. ती हो म्हणाली तर मी स्वतः उघडतो."

तेवढ्यात बंड्या आला. त्याला ह्यातलं काय कळणार. घरचा माणूस दिसला तसं त्याचं सगळं अंग हलायला लागलं, गजांतून नाक बाहेर काढून तो कुंईकुंई करू लागला. मार्तंड रस्त्यावरच उकिडवा बसला आणि त्यानं कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तसाच बसून राहिला. मान वर केली तेव्हा त्याला पेरूखाली मीरा उभी दिसली. तिच्या हातात नळी होती आणि पाणी नुसतंच वाहून चाललं होतं. ती पुढेही आली नाही आणि पळूनही गेली नाही. कौस्तुभ आंब्याखाली झोपलेला होता.

मागून जयंतीबाई आल्या. "पोटच्या पोराला रस्त्यावरून परत पाठवता?" आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. श्यामसुंदरांनी कडीवरचा हात काढला नाही. मार्तंडनं पिशवी फाटकाला अडकवली आणि आईकडे न बघता टॅक्सीत जाऊन बसला.

संध्याकाळी श्यामसुंदरांनी ती पिशवी अनुपमाच्या हातात दिली. "मार्तंड आला होता. आत घेतलं नाही. पोरांना हे दिलंय, द्यायचं की नाही तू ठरव." अनुपमानं त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि पुढच्या रविवारी कौस्तुभ नवा शर्ट घालून आला.

जयंतीबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला. काही सांगायचं असलं तर चिंगीला सांगत, "चिंगे, म्हणावं पान वाढलंय." वेळेवर चहा, वेळेवर जेवण, धुतलेला सदरा खुंटीवर. शब्द मात्र नाही. मार्तंडचं मधल्या वारी येणंही थांबलं. आपण केलं ते बरोबर की चूक, ह्याचा श्यामसुंदरांना शेवटपर्यंत निवाडा करता आला नाही. मुलाचं रस्त्यावर बसलेलं ते रूप झाडांना पाणी घालताना डोळ्यांपुढे यायचं, आणि मग ते एकाच झाडाला फार पाणी घालून बसायचे. शब्द पाळला, एवढंच त्यांच्यापाशी होतं. ते पुरतं का हे कुणाला विचारणार. बोलायला घरात माणूस नव्हतं.

पुढच्या वर्षी थंडीत बंड्या म्हातारा झाला. झाला म्हणजे एकाएकी दिसायला लागला. मागचे पाय ओढायचा. गुरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता औषध नाही, त्रास होऊ देऊ नका. शुक्रवारपासून तो उठलाच नाही. श्यामसुंदरांनी त्याला गोणपाटावर आंब्याखाली ठेवलं आणि कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजलं.

रविवारी अनुपमा मुलांना घेऊन आली तेव्हा फाटकाशी चिंगी एकटीच होती.

"बंड्या?"

"मागे आहे. उठत नाही."

अनुपमानं कडी काढली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. चपला पायरीशी सोडल्या, जशा पूर्वी सोडायची तशाच, आणि अनवाणी आंब्याखाली गेली. बंड्यानं डोळे उघडले. शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं. ती मातीतच बसली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मुलं दोन बाजूंना बसली. कुणी खेळलं नाही, नळी लावली नाही. मीरा त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलत होती.

जयंतीबाई खिडकीशी उभ्या होत्या. श्यामसुंदर त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. काही वेळानं त्या बाहेर आल्या. हातात चहाचा कप होता. तो अनुपमाच्या शेजारी जमिनीवर ठेवला.

"घे. गार होईल."

अनुपमानं मान वर केली. "आई, तुम्हीही बसा ना."

त्या आत गेल्या, वालाची परात घेऊन आल्या आणि बसल्या. अनुपमानं एक हात बंड्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं वाल सोलू लागली. कुणी मागचं काही काढलं नाही. जयंतीबाईंनी फक्त एकदा विचारलं, कचेरीतून यायला उशीर होतो का, आणि अनुपमा म्हणाली, होतो.

दुपार कलताना बंड्या गेला. कौस्तुभला कळलं नाही, त्याला वाटलं झोपला. मीरानं त्याला जवळ घेऊन सांगितलं. कुंपणाच्या कोपऱ्यात श्यामसुंदर कुदळीनं खणायला लागले. दम लागत होता, मध्येच थांबावं लागत होतं. त्यांच्या पाठीमागे जयंतीबाई येऊन उभ्या राहिल्या.

"अजून खोल खणा," त्या म्हणाल्या. "नाहीतर चिंगी उकरेल."

श्यामसुंदर कुदळ टेकवून क्षणभर तसेच उभे राहिले. मग पुन्हा खणू लागले. वर्षभरानंतर बायको त्यांच्याशी बोलली होती, ती ह्या शब्दांत. मुलांनी जास्वंदीची फुलं आणली, अनुपमानं ह्या घरात राहिलेल्या आपल्या जुन्या ओढणीत बंड्याला गुंडाळलं. त्या दिवशी ती बिरडं-भात खाऊन गेली.

तिथून पुढे अनुपमा फाटकाबाहेर थांबली नाही. रविवारी ती आत येई, सासूच्या हाताखाली स्वयंपाक करी, कधी आंब्याखाली पडून कचेरीचा आठवड्याचा शीण काढी. सून म्हणून आली का, तर तसंही म्हणता येणार नाही. त्या नात्याला नाव देण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. हळूहळू मार्तंडही पुन्हा मधल्या वारी यायला लागला. केस पांढरे झाले होते, बोलणं कमी झालं होतं. बापाजवळ बसून तो झाडांविषयी विचारी. त्या रविवारविषयी दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली मीरा नववीत होती. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती आजोबांच्या मागोमाग अळवापर्यंत आली.

"आजोबा, मी एकदा मधल्या दिवशी आले तर? बाबा असतील तेव्हा."

श्यामसुंदरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आईला विचारलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, तुझं तू ठरव. कौस्तुभला मात्र एवढ्यात नको म्हणाली."

त्यांनी मार्तंडला कळवलं. गुरुवारी दुपारी मीरा शाळेच्या गणवेषातच आली, दप्तर पाठीला. मार्तंड आंब्याखाली स्टुलावर बसला होता, तो उठून उभा राहिला. मुलगी त्याच्या खांद्याला लागली होती. दोघांनाही सुरुवात कुठून करावी ते कळेना. जयंतीबाई पोह्यांची बशी घेऊन निघाल्या, त्यांना श्यामसुंदरांनी दारातच अडवलं. "थोडं थांब. मागून देऊ."

ते चिंगीला घेऊन बाहेर पडले. फाटक ओढून घेतात तोच जयंतीबाई पायांत चपला सरकवत आल्या. "मी एकटी घरात काय करू? मीही येते." चिंगीही आता थकली होती, त्यामुळे तिघांची चाल सारखीच होती. डोंगराकडच्या रस्त्यानं ते नाल्याच्या पुलापर्यंत गेले आणि कठड्यावर टेकले. चिंगी सावली बघून आडवी झाली.

"काय बोलत असतील?" जयंतीबाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक."

"रागावेल का हो ती त्याच्यावर?"

"रागावली तर रागावू दे. तिचा हक्क आहे."

जयंतीबाईंनी मान डोलावली. समोरून शाळा सुटलेली पोरं जात होती, त्यातल्या एकानं चिंगीला 'यू यू' केलं, तिनं नुसता कान हलवला. श्यामसुंदर उठायला लागले तसा बायकोनं त्यांच्या सदऱ्याला हात लावला.

"अजून थोडं बसू," त्या म्हणाल्या. "एवढ्यात नको."

ते पुन्हा बसले.